मीठ, मोहरी आणि शेजारचं बाळ

रियाधमधल्या आमच्या इमारतीत पूर्वी एकही सौदी कुटुंब नव्हतं. आम्ही राहायला आलो तेव्हा तळमजल्यावर येमेनी, पहिल्या मजल्यावर इजिप्तचे एक मास्तर, दुसऱ्यावर तीन फिलिपिनो मुली आणि तिसऱ्यावर आम्ही व आमच्या समोर एक केरळी कुटुंब. जिना चढताना कोणाकडे काय शिजतंय ते नाकाला कळायचं, आणि त्यावरून आपण कितव्या मजल्यावर आलो तेही. सौदी लोक राहायचे ते उंच भिंतींच्या आत, व्हिलांमध्ये. तेरा वर्षं मी त्यांच्या बाळांना पहिली आंघोळ घालत आले, पण त्यांच्यातलं कोणी माझ्या समोरच्या दारात राहायला येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी नर्स आहे, नवजात बाळांच्या विभागात. नवरा अल सुलै भागातल्या एका गोदामात सुपरवायझर आहे. आम्हाला मूल नाही. हे तिसरं वाक्य मी आपणहून आधीच सांगून टाकते, कारण लोक पहिली दोन नुसती ऐकून घेतात आणि तिसऱ्याची वाट बघत बसतात.

मग शहर वाढायला लागलं. महिन्याच्या सुट्टीवरून परत यावं तर विमानतळावरून घरी यायचा रस्ता ओळखू येऊ नये, इतकं. डोक्यावरून मेट्रो धावायला लागली. ज्या फुटपाथवर मी काळा अबाया सावरत नवऱ्याच्या मागे चालायचे, तिथे मुली जीन्सवर उघडा अबाया टाकून कॉफी पीत बसू लागल्या, गाड्या चालवू लागल्या, ऑफिसांत दिसू लागल्या. मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही. पण परक्या देशात राहणाऱ्याला कुठल्याही बदलाची आधी धास्तीच वाटते. काही नवं झालं की पहिला विचार एकच, आपला इकामा राहतो ना? इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, जो कफील, म्हणजे नोकरीवर आणणारा इथला मालक, काढून देतो. तो आहे तोवर आपण आहोत. इजिप्तचे मास्तर लांबच्या वस्तीत निघून गेले. समोरचं केरळी कुटुंब सामान विकून कायमचं गावी परतलं. जाताना त्यांनी आम्हाला कढीपत्त्याची कुंडी दिली, आणि तिला पाणी घालताना रोज माझ्या मनात यायचं की पुढचा नंबर आपला.

त्यांच्या जागी एक सौदी जोडपं आलं. ती सव्वीसेक वर्षांची, ऑफिसात नोकरी करणारी, स्वतःची गाडी चालवणारी. नवरा जिझानच्या रिफायनरीत, पंधरा दिवसांनी घरी यायचा. आणि सात महिन्यांचं, कुरळ्या जावळाचं बाळ. पहिल्याच दिवशी तिने खजुराचं ताट घेऊन बेल वाजवली. खजूर तिच्या माहेरचे, हुफूफचे होते.

"तुम्ही नर्स ना, सिस्टर?" तिने इंग्रजीत विचारलं. इथे नर्सला सगळेच सिस्टर म्हणतात, पेशंटपासून टॅक्सीवाल्यापर्यंत. "एक विनंती आहे. बाळाला सांभाळायला एक बाई येणार आहे, पण तिच्या व्हिसाचं काम अडकलंय. मला परवापासून ऑफिसला जायचंय. दोनच आठवडे."

माझी ड्युटी दुपारी तीनची असायची. तिला बाळंतपणानंतर ऑफिसने कमी तास दिले होते, दीडपर्यंत ती परत यायची. मी हो म्हटलं. दोन आठवड्यांचे तीन महिने झाले आणि मी एकदाही "बाई कधी येणार?" असं विचारलं नाही. कशाला विचारू? ती बाई विमानात बसूच नये असं मला मनातून वाटत होतं. सकाळी सातला बेल वाजायची, आणि मी पावणेसातपासून दाराशी उभी असायचे. नवरा चहा पिता पिता म्हणायचा, "एवढ्या लगबगीने तू माझ्यासाठी दार कधी उघडलं नाहीस."

बाळाच्या पिशवीबरोबर ती एक छोटा कॅमेराही द्यायची. "तुमच्यावर लक्ष ठेवायला नाही हं, सिस्टर," पहिल्या दिवशी ती लाजून म्हणाली होती. "ऑफिसात मला करमत नाही. मधूनमधून बघेन." नवऱ्याला ते अजिबात आवडलं नाही. मला काही वाटलं नाही. वॉर्डात तर छतभर कॅमेरे असतात. शेल्फवर ठेवलेला तो कॅमेरा मी चार दिवसांत विसरूनही गेले.

इथे मला माझ्या गावाकडची एक गोष्ट सांगावी लागेल. धाकट्या दिराच्या मुलाचं बारसं होतं. पाळण्याभोवती बायका उभ्या होत्या, गोविंद घ्या, गोपाळ घ्या चाललं होतं. मी सुट्टी काढून मुद्दाम रियाधहून गेले होते. बाळ घ्यायला हात पुढे केले तर चुलत सासूबाई म्हणाल्या, "तू राहू दे गं. तू आत पानांचं बघ." एवढंच. कोणी वावगा शब्द बोललं नाही, कोणी तोंड वाकडं केलं नाही. मी आत जाऊन पन्नास पानं वाढली. रोज पंधरा-वीस बाळं हाताळणारी बाई मी, पण मूल न झालेल्या बाईची नजर वाईट, हे त्या घरात सगळ्यांना माझ्याआधी ठाऊक होतं. मी संतापले, पुढची तीन वर्षं गावी गेले नाही. आणि तरी ते वाक्य माझ्या आत कुठेतरी जाऊन बसलं. राग आला म्हणून विश्वास बसत नाही असं थोडंच असतं?

म्हणून शेजारचं बाळ माझ्या मांडीवर आल्यापासून मी फार जपून वागत होते. इथले लोक बाळाचं कौतुक करताना आधी माशाअल्ला म्हणतात. म्हणजे कौतुकाची बाधा होत नाही. तेरा वर्षांत माझ्याही तोंडी ते बसलं होतं. मी दिवसातून पन्नासदा म्हणायचे. जेवताना हसलं की माशाअल्ला, जांभई दिली तरी माशाअल्ला. नवरा म्हणे, "अगं, त्याला शिंक तरी मोकळेपणी देऊ दे."

एका रविवारी बाळ आलं तेच किरकिरत. दूध अर्धं टाकलं. मांडीवर ठेवलं तर रडे, खांद्यावर घेतलं तर रडे. अंग कोमट लागत होतं. खालच्या हिरडीवर पांढरी रेघ दिसत होती. मी दुपारी त्याच्या आईला सांगितलं, "दात येताहेत. होतं असं." सिस्टरने सांगितलं म्हणजे झालं. ती निर्धास्त झाली.

मी मात्र नव्हते. आदल्या गुरुवारी ते बाळ पहिल्यांदा माझ्या सोफ्याला धरून उभं राहिलं होतं. त्याच्या आईने अजून ते बघितलं नव्हतं, फक्त मी बघितलं होतं. तेव्हा माझ्या मनात एकच विचार आला होता, हे माझं असतं तर. माशाअल्ला म्हणायचं राहून गेलं होतं. नेमकं तेव्हाच.

सोमवारी ते आणखी रडलं. मी त्याला दूध पाजताना भिंतीकडे बघत होते. डायपर बदलताना नजर हातांवर ठेवली, तोंडाकडे बघितलंच नाही. आता लिहिताना हे वेड्यासारखं वाटतं. पण त्या दिवशी मला तो शहाणपणा वाटत होता. माझ्यामुळे त्याला काही होऊ नये, एवढंच डोक्यात होतं. काही झालंच, आणि त्यांनी त्याचा ठपका माझ्यावर ठेवला, तर सकाळी सातची बेल पुन्हा वाजणार नाही, ही भीती होती.

मंगळवारी अकराच्या सुमाराला ते रडून रडून निळं पडायला आलं, आणि मी जे केलं ते कुठल्याही नर्सिंग कॉलेजात शिकवत नाहीत. स्वयंपाकघरात गेले, मुठीत मीठ, मोहरी आणि तीन सुक्या मिरच्या घेतल्या, आणि आई आमच्यावरून उतरवायची तशी बाळावरून डोक्यापासून पायापर्यंत उतरवायला लागले. "आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची, आईची, बापाची," असं म्हणता म्हणता जीभ अडखळली, आणि मग मी म्हटलं, "माझी. माझी लागली असेल तर माझी." सात वेळा उतरवलं. मग तव्यावर टाकून जाळलं. मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणजे दृष्ट होती असं समजतात. एक्झॉस्ट पंखा गरगर फिरत होता, ठसका येणार कुठून? पण मी मान डोलावली, होती म्हणून. बाळ थकून झोपलं. मला फार बरं वाटलं. दीडला त्याची आई आली, झोपलेलं बाळ घेऊन गेली.

साडेचारला, वॉर्डात असताना, तिचा मेसेज आला. "सिस्टर, आज काय झालं ते माझ्या आईने कॅमेऱ्यात पाहिलं. ती उद्या सकाळी हुफूफहून येतेय. तुम्ही घरी थांबा. बोलायचं आहे."

तो कॅमेरा तिने आईच्याही फोनवर जोडून दिला होता. आजी तिकडे हुफूफला बसून नातवाला बघायची. आणि आजीला काय दिसलं असेल? एक परदेशी, परधर्माची बाई मुठीत काहीतरी धरून बाळाभोवती फिरवतेय, परक्या भाषेत पुटपुटतेय, मग ते नेऊन जाळतेय. इथे जादूटोण्याला सिहर म्हणतात. तो मोठा गुन्हा आहे. आमच्याकडे लिंबू-मिरची टांगलेली दिसली तर लोक हसून पुढे जातात. इथे त्या शब्दावर कोणी हसत नाही.

मी इन्चार्जला सांगून दहा मिनिटं बाहेर गेले आणि नवऱ्याला फोन केला. मागे फोर्कलिफ्टचे आवाज येत होते.

"खलास," तो सगळं ऐकून म्हणाला. "तिने पोलिसांत सांगितलं तर कफीलही काही करू शकणार नाही. आधी घरातली मोहरी फेकून दे."

"अहो, फोडणीची मोहरी आहे ती. ती कशाला फेकू?"

"मग मिरच्या फेक!"

"मिरच्यासुद्धा फोडणीच्याच आहेत!"

तो चिडला, मीही चिडले. मग तो हळू आवाजात म्हणाला, "तुला दुसरं काही सुचलं नाही का गं? तू नर्स आहेस." मी फोन ठेवला. उरलेली ड्युटी मी कशी केली ते आठवत नाही. एवढं आठवतं की पाळण्यातल्या बाळांचे पट्टे तपासताना मी प्रत्येकाचा नंबर दोनदोनदा वाचत होते.

बुधवारी सकाळी सातला बेल वाजली नाही. आठला नाही, नऊला नाही. नवऱ्याने गोदामात सुट्टी सांगितली होती. तो सोफ्यावर आमचे पासपोर्ट आणि इकामे मांडीवर घेऊन बसला होता. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. समोरच्या दारातून बाळाचं रडणं मात्र ऐकू येत होतं. दहा वाजता शेजारणीने दार वाजवलं. "सिस्टर, याल का?" तिचा चेहरा रात्रभर न झोपल्यासारखा होता.

तिची आई जमिनीवरच्या गालिच्यावर बसली होती. साठीची बाई, हाडापेराने मोठी, हाताला मेंदी. बाळ तिच्या मांडीवर हुंदके देत होतं. मी "अस्सलामु अलैकुम, खाला" म्हटलं. इथे मोठ्या बाईला खाला, म्हणजे मावशी म्हणतात. तिने उत्तर दिलं, समोर बसायची खूण केली. माझं अरबी दवाखान्यातलं. कुठे दुखतं, श्वास घ्या, जोर लावा, एवढंच. म्हणून मुलगी मध्ये बसली आणि दोघींचं एकमेकींना सांगू लागली.

"हातात काय होतं?" म्हातारीने विचारलं.

"मीठ. मोहरी. मिरची."

"दुसरं काही? केस? दोरा? कागद?"

"नाही, खाला. देवाशपथ नाही. आमच्याकडे बाळाला नजर लागली तर असं करतात. माझी आई करायची."

"ऐन," म्हातारी मुलीला म्हणाली. ऐन म्हणजे डोळा, आणि दृष्टीलाही ते तोच शब्द वापरतात. तिचा चेहरा थोडा सैल झाला, पण पूर्ण नाही. "आणि तोंडाने काय म्हणत होतीस?"

मी एकेक शब्द सांगितला. आल्यागेल्यांची नजर, घरच्यांची, दारच्यांची, आईची, बापाची. मुलगी भाषांतर करत गेली. मग मी म्हटलं, "आणि माझी."

मुलगी थांबली. तिने ते आईला सांगितलं नाही. म्हातारीने तिच्या दंडावर थाप मारून विचारलं, तेव्हा तिने खालच्या आवाजात सांगितलं. म्हातारी माझ्याकडे बघत राहिली.

"तुला मुलं किती?"

"नाहीत," मी म्हटलं. हे अरबीत मला येत होतं.

मला वाटलं, झालं, संपलं. हजारो मैल दूर आले, इतक्या देशांच्या माणसांत राहिले, आणि शेवटी त्याच बारशाच्या घरात येऊन बसले. म्हातारी मुलीला काहीतरी म्हणाली. मुलगी आत जाऊन एक रुंद वाडगं आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"सिस्टर, वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. "आमच्याकडे अशी रीत आहे. ज्याची नजर लागली असेल त्याने हात-तोंड धुवायचं. ते पाणी बाळावर घालतात."

माझ्या कानांतून वाफा निघाल्या. आमच्या गावी असंच करतात, फक्त पाण्याऐवजी माती. जिच्यावर संशय तिच्या पावलाखालची माती, तिला न कळवता उचलायची आणि मीठ-मोहरीत मिसळायची. दिराच्या बाळाला बारशानंतर ताप आला तेव्हा मी अंगणातून गेले आणि मागे वळून बघितलं, तर चुलत सासूबाई वाकून माझं पाऊल खरवडत होत्या. इथे निदान तोंडावर मागत होते. उठून निघून जावं असं वाटलं. पण मी उठले असते तर ते दार माझ्यासाठी कायमचं बंद झालं असतं. मी वाडग्यावर हात धरले. चूळ भरली, तोंड धुतलं, कोपरापर्यंत हात धुतले. रडू येत होतं ते त्या पाण्यातच गेलं, कोणाला दिसलं नसावं.

मी वाडगं पुढे सरकवलं. म्हातारीने ते घेतलं नाही. तिने बाळ मुलीकडे दिलं, बाह्या वर केल्या, आणि त्याच वाडग्यात स्वतःचं हात-तोंड धुतलं. मग बाळ परत घेऊन मुलीला म्हणाली, "आता तू." मुलीनेही धुतलं.

"आईची नजर आधी लागते," मुलगी मला सांगू लागली. "माझी आई म्हणते, नजर नुसत्या हेव्याने लागत नाही, जीव जडला तरी लागते. ती रोज फोनवर त्याला बघते, मग तिचीही असेल. बाळाचा लळा कोणाकोणाला आहे, त्यांचं पाणी हवं. ती म्हणाली, तिघींचं घ्या."

म्हातारीने ते पाणी बाळाच्या पाठीमागून डोक्यावर घातलं. ते किंचाळलं. तिने त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि माझ्या मांडीवर दिलं. "पूस," ती म्हणाली.

मी पुसायला लागले, तोंड, मान, जावळ. रविवारनंतर मी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघत होते, वॉर्डात बघते तशी. टॉवेल उजव्या कानाशी गेला आणि बाळाने मान झटकून टाहो फोडला. डाव्या कानाला लावला, काही नाही. उजवा पाळा बोटाने हलकेच ओढला, तर अंग ताठ. कानाच्या तोंडाशी पिवळट ओल होती.

"गाडी काढ," मी मुलीला म्हटलं. "कान आहे. दात नाही."

दवाखान्यात डॉक्टरने कानात बघितलं आणि भुवया चढवल्या. "पडदा फुटायला लागलाय. किती दिवस रडतंय?"

"तीन," मुलगी म्हणाली.

"आणि कोणाच्या लक्षात आलं नाही?"

"दात येताहेत असं मी म्हटलं होतं," मी म्हणाले. "मी नर्स आहे." त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि औषध लिहायला घेतलं.

परत येताना म्हातारी मागच्या सीटवर बाळाला घेऊन बसली होती. औषधाचा पहिला डोस पोटात गेला होता, ते पेंगायला लागलं होतं. तिने पुढे वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बघ, या बिन्ती, पाण्याने गुण आला," ती म्हणाली. या बिन्ती म्हणजे माझ्या मुली. मुलगी गाडी चालवता चालवता हसली आणि म्हणाली, "सिस्टर, उद्या सातला?"

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सातला बेल वाजली, त्यानंतरही वाजत राहिली. पण माझी नजर त्याला बाधेल म्हणून दोन दिवस मी त्या बाळाकडे नीट बघितलंच नव्हतं, आणि दोन्ही दिवस ते त्याच दुखण्याने माझ्याच मांडीवर रडत होतं, हे मी त्या दोघींना सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.